अर्धा कोयता

फडावरून, जि. सांगली
१६ नोव्हेंबर २०२५

सौ. वर्षाराणी हिस,

आम्ही सगळे सुखरूप पोचलो. कोपी उभी केली, वर उसाचे वाढे टाकले, ताडपत्री बांधली. कोपीचं तोंड या वेळी पूर्वेला ठेवलं आहे, म्हणजे चुलीचा धूर आत येत नाही. मागच्या वर्षी तू हेच म्हणाली होतीस, तेव्हा मी ऐकलं नव्हतं.

दरवर्षी मुकादमाकडे आपली नवरा-बायकोची मिळून एक कोयता अशी नोंद असते. यंदा पोरगी पहिलीला गेली, तिची शाळा बुडू नये म्हणून तू घरी राहिलीस आणि मी अर्धा कोयता झालो. मोहनराव मुकादम म्हणाले, "अर्ध्याला काम न्हाई, उत्तरेश्वर. जोडी लाव." टोळीत हनुमान नावाचा माजलगावकडचा एक बिनलग्नाचा पोरगा आहे. त्याच्याशी माझी जोडी लावली. तो तोडतो, मी मोळ्या बांधतो. त्यावरून टोळीतल्या बाया हसतात. भामाबाई रोज विचारते, "हनम्या, बायकोला नीट नांदवतो ना रं?"

आता मुख्य विषय. तो फोनवर बोलता येत नाही. माझ्याकडे साधा फोन आहे आणि कोपीला कोपी लागून आहे. मी इथे बोललेलं भामाबाई तिथे ऐकते. म्हणून लिहितो. रामहरी ड्रायव्हर पंधरवड्याला मुकादमाची गाडी घेऊन बीडकडे येतो. तो हे पाकीट तुझ्या हाती देईल आणि जाताना तुझं उत्तर घेईल. पाकीट चिकटवलेलंच आहे का, ते आधी बघ.

हनुमानाच्या मोबाईलमध्ये 'दुनिया' नावाचा खेळ आहे. त्यात जिंकायचं काही नसतं. प्रत्येकाने आपला एक बाहुला करायचा, त्याला केस-कपडे द्यायचे आणि नुसतं फिरायचं. आपण लिहिलेलं त्याच्या डोक्यावरच्या फुग्यात दिसतं. तिथे 'बीड चौक' म्हणून एक जागा आहे, आपल्या जिल्ह्यातली माणसं तिथे जमतात. परवा जेवताना हनुमान म्हणाला, "उत्र्या, ही तुझी मालकीण तर न्हाई बे?"

मी बघितलं. नाव होतं 'वर्षाराणी चौसाळा'. खांद्यापर्यंत कापलेले केस, पिवळा झगा, कपाळ मोकळं. शेजारी एक पुरुष उभा होता. फेटा, काळा गॉगल, नाव 'सरकार'. कुणी तुला काही विचारलं की तुझ्या आधी तोच उत्तर द्यायचा. एकाला तो म्हणाला, "हिच्या नादी लागायचं न्हाई. ही आन् मी एक कोयता हाय."

वर्षा, हा शब्द कोण कुणासाठी वापरतं, हे तुला सांगायला नको. हनुमानाने मोबाईल बंद केला आणि माझ्या भाकरीवर लोणच्याची फोड ठेवली. त्याने थट्टा केली असती तर मला बरं वाटलं असतं.

तुझा तो स्मार्टफोन मी तुला पोरीच्या शाळेचे निरोप यावेत म्हणून दिला होता. हा सरकार कोण, ते स्पष्ट लिहून पाठव.

उत्तरेश्वर

ता. क. चौकात तू 'पाणि' असं लिहिलं होतंस. त्यातला णी दीर्घ आहे.


चौसाळा
१९ नोव्हेंबर

अहो,

पाकीट चिकटवलेलंच होतं. रामहरीभाऊ म्हणले, "वहिनी, एवढा डिंक तर लग्नाच्या पत्रिकेला बी लागत न्हाई."

सरकार म्हंजी रोहिणी. माझी नांदूरघाटची मैत्रीण, मांजरसुंब्याला ढाबेवाल्याला दिली ती. आपल्या लग्नात तुमचे बूट जिनं लपिवले, तीच. पयल्या दिवशी ती बाईचा बाहुला करून चौकात गेली तर टवाळ पोरं मागं लागली. कुठली तू, फोटू दे, नंबर दे. दुसऱ्या दिवशी तिनं फेटा चढवला आन् गॉगल लावला. तवापासून तिच्या वाटंला कुणी जात न्हाई. मी गेले तर माझ्या बी मागं लागले. मग तिनं ठणकावून सांगितलं, ही आन् मी एक कोयता. त्या पोरांना दुसरी भाषा कळंना, ही बरोबर कळली.

आन् तुमी बी हनुमानासंगं एक कोयता झालाव की! मी इचारलं का, कोण हा हनुमान, त्याला फेटा हाय का गॉगल हाय?

कपाळ मोकळं हाय कारण तिथं टिकली फुकट मिळत न्हाई, इकत घ्यावी लागती. तुमच्या आईंनी माझी बाहुली बघितली आन् म्हणल्या, "काय गं हा अवतार!" मी म्हणलं, आत्याबाई, त्याला अवतारच म्हणत्यात. मग त्यांनी स्वतःचा बी करून मागितला. त्यात नववारी मिळाली न्हाई म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलल्या न्हाईत.

मी तिथं काय करते ते तरी इचारा. तिथं एक समुद्र हाय. खोटा हाय, पर हलतो. त्याच्या कडंला आमी दोघी बसतो. रोहिणीचे हात पिठात असत्यात, ती लई येळानं एखादा शब्द लिहिती. मला घाई नसती. लग्न झाल्यापासून दरसाल उस तोडायला तिकडं आले. समुद्र तिथून जवळच हाय म्हणत्यात, पर बघितला न्हाई कधी.

कावून एवढा संशय घेताव? पाणि-बिणि राहू द्या. जेवण कसं करताव, भाकरी कोण थापतं, ते लिहा.

वर्षा


फडावरून
१ डिसेंबर

सौ. वर्षाराणी,

भाकरी हनुमान थापतो. जाड होते, पण कच्ची राहत नाही.

तुझं पत्र वाचताना मला सगळं पटतं. मग मोळी बांधायला वाकलो की पटत नाही. बाई जर फेटा घालून पुरुष होऊ शकते, तर एखादा पुरुषही तुला 'मी रोहिणी आहे' असं सांगू शकतो. तो समोर नसतो, त्याचा आवाज नसतो. तुला खात्री कशावरून? रोहिणीला म्हणावं, पुढच्या पत्रात स्वतःच्या हाताने दोन ओळी लिही.

हनुमानाची गोष्ट वेगळी आहे. आमची जोडी मुकादमाने लावली. तुमची तुम्ही लावलीत. मला खुपतं ते एवढंच आहे.

तुला समुद्र बघायचा होता, हे तू मला कधी म्हणाली नाहीस. सरकारला म्हणालीस. मी ते तुझ्याच पत्रात वाचलं, त्याचं मला वाईट वाटलं.

मी स्वतः त्या दुनियेत गेलो नाही आणि जाणार नाही. माणसाने आपल्या तोंडाने बोलावं, आपल्या नावाने बोलावं, असं माझं मत आहे.

'उस' नव्हे, 'ऊस'. आपण तो तोडतो, निदान नीट लिहावा.

उत्तरेश्वर


चौसाळा
४ डिसेंबर

अहो,

ह्या खालच्या ओळी रोहिणीच्या. रामहरीभाऊ तिच्या ढाब्यावर जेवायला थांबले होते, त्यांच्या हाती हा कागद तिच्याकडं धाडला व्हता.

"दाजी, मी रोहिणी. अंगठा बी लावू का? कागदाला पीठ लागलंय ते ढाब्यावरचंच हाय, वास घेऊन बघा. लग्नातल्या बुटाचा डावा पाय अजून माझ्याकडं हाय, पायजे असंल तर धाडते. तुमचा, सरकार."

झालं का समाधान?

'ऊस' लिहायचं तर दीर्घ, आन् तुमीच पयल्या पत्रात 'उसाचे वाढे' लिहिलंत तिथं ऱ्हस्व. तुमच्या शाळंला काही धरबंध हाय का? पोरगी म्हणती, बाबाला माझ्या बाईंकडं बसवा.

आता एक नवीन सांगते. न सांगता राहिले तर उद्या म्हणाल, लपिवलं. चौकात हल्ली 'प्रवासी' नावाचा एकजण येतो. साधा पांढरा सदरा, ना फेटा ना गॉगल. समुद्रापाशी येतो पर लांब बसतो. 'इथे बसलं तर चालेल का?' असं आधी इचारतो. रोहिणीनं त्याला पयल्यांदा दम दिला. आता म्हणती, ह्याला राहू दे, ह्याला वळण हाय.

परवा त्यानं इचारलं, 'तुम्हाला कशाची भीती वाटते?' मला असं कुणी कधी इचारलंच नव्हतं. मी बोटं पडद्यावर ठिवून बसूनच राहिले. तो थांबला. मग मी सांगितलं. काय सांगितलं ते इथं लिहित न्हाई, पत्र लांबतं.

बरा वाटतो मला. लिहितो बी लई नीट.

वर्षा


फडावरून
१६ डिसेंबर

वर्षा,

रोहिणीच्या ओळी मिळाल्या. पीठ ज्वारीचं आहे, हनुमानानेही वास घेऊन तेच सांगितलं. सरकारचा विषय मी संपवला.

प्रवाशाचा संपलेला नाही. ज्याचं गाव माहीत नाही, नाव माहीत नाही, त्याला तू मनातली भीती सांगतेस? टोळीच्या ट्रकवर सामानावर बसून जाताना डोळा लागेल आणि मांडीवरच्या पोरीसकट आपण खाली पडू, ही भीती तुला एवढी वर्षं होती. एवढी वर्षं मी शेजारीच बसलेला असायचो. मला दोरी धर म्हणाली असतीस तर मी दोरी धरली असती. ते सोडून तू त्याला सांगितलंस, कारण तो नीट लिहितो! लक्ष दिलं तर कुणीही नीट लिहू शकतं.

तो लांब बसतो, विचारून बोलतो, हे सगळं मुद्दाम असतं. त्याने रात्रंदिवस विचार करून ते प्रश्न काढलेले असतात. तू त्याला भुलतेस याचंच मला आश्चर्य वाटतं. काय आहे त्याच्यात? पांढरा सदरा आहे.

उद्या तो जोडी मागेल. दुनियेत जोडी केली की दोन बाहुल्यांच्या मनगटांना एक लाल दोरा दिसतो आणि दोघांना मिळून एक घर मिळतं, असं हनुमान सांगतो. त्याने मागितली तर काय म्हणायचं, ते आत्ताच ठरवून मला कळव.

उत्तरेश्वर


फडावरून
१५ जानेवारी २०२६

वर्षाराणी,

रामहरी दोनदा जाऊन आला. एकदा रिकाम्या हाताने आला, एकदा त्याने तिळाचे लाडू आणले. पत्र नाही. तुझं उत्तर मला काल दुसरीकडून मिळालं.

काल संक्रांत होती. समुद्राच्या कडेला प्रवाशाने तुला विचारलं, 'माझ्याशी जोडी कराल का?' समोरच्याने श्वास घ्यावा एवढाही वेळ तू घेतला नाहीस. लगेच लिहिलंस, 'हो'. लाल दोरा आला. तो हनुमानाच्या मोबाईलवर आला, माझ्या बोटाखाली. प्रवासी मी होतो.

मी तुला बजावलं होतं. काय विचारलं जाईल तेही आधी लिहून कळवलं होतं. तरी तू एका परक्याला हो म्हणालीस. हनुमान मागून बघत होता, त्याने मला टाळी द्यायला हात पुढे केला. मी उठून बाहेर गेलो.

म्हणून आता तीन गोष्टी लिहितो. फोन आईकडे दे. पुढच्या शनिवारी पोरीला घेऊन नांदूरघाटला माहेरी जा. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला की टोळी परत येईल, तेव्हा तिच्यात मी नसेन.

उत्तरेश्वर


चौसाळा
१८ जानेवारी

अहो प्रवासी,

दुसऱ्या सांजंलाच वळखलं मी तुमाला. मी लिहिलं, उस तोडून हाताला भेगा पडत्यात. तुमी खाली लिहिलंत, 'ऊस. ऊ दीर्घ.' आमी दोघी सोडून सगळा चौक मराठी बी इंग्रजी अक्षरात लिहितो, आन् त्यात हा एकटा वाक्य संपलं की टिंब देतो. स्वतःच्या हाताला भेगा असून उकार मोजणारा माणूस उभ्या बीड जिल्ह्यात एकच हाय. रोहिणी म्हणली, "अगं बया, हे तर दाजी!" आमी दोघी एवढ्या हसलो की ढाब्यावर एका गिऱ्हाइकाला जळकी भाकरी गेली.

तवा मी परक्याला हो म्हणले न्हाई. माझ्या नवऱ्याला म्हणले. नवऱ्याला हो म्हणायला श्वास कशाला घ्यायचा?

लाडवासंगं पत्र दिलं न्हाई कारण वाट बघत होते. आज सांगतील, उद्या सांगतील, वर्षा मीच हाय. जोडी मागितली तवा वाटलं, आता सांगत्यात. तुमी सांगितलं न्हाई. माझा हो घेतलाव आन् उठून गेलाव.

पर एक खरं लिहिते. लई दिवस इचार केला, लिहावं का न्हाई. हो लिहिताना मला तुमचा चेहरा दिसला न्हाई. त्याचाच दिसला. पांढऱ्या सदऱ्यातला. तुमीच हाव हे ठाऊक असून बी. तो इचारतो, आन् माझं लिहून होईस्तोवर गप बसतो. मधी बोलत न्हाई. तुमी घरात मला एक वाक्य कधी पुरं करू दिलंय का? पयल्या शब्दाला चूक काढताव, मग पुढचं मी गिळते.

आन् हेवा काय तुमालाच येतो का? मला त्या पिवळ्या झग्यावालीचा आला. केस कापलेल्या बाहुलीचा. माझा नवरा दमून-भागून तिच्याकडं जातो, तिला अहो-जाहो करतो, तिची भीती इचारतो. मला फोन केला की 'पोरगी जेवली का' आन् ठिवला. तुमी तिला शोधायला गेलाव, मला न्हाई. मग कुणी कुणाला फसिवलं, तुमीच बघा.

फोन आत्याबाईंकडं दिला. तुमी म्हणलाव म्हणून न्हाई, मलाच नको झाला. नांदूरघाटला मी जाणार न्हाई. पोरीची शाळा हाय, आन् हे घर माझं बी हाय. टोळीसंगं यायचं का न्हाई ते तुमचं तुमी ठरवा. आलात तर तिथं जे बोललाव ते इथं तोंडानं बोलायचं. न्हाई जमलं तर तसं सांगा. सदऱ्याच्या मागं लपलेला माणूस मला घरात नको.

वर्षा


फडावरून
३० जानेवारी

वर्षा,

तुझं पत्र मिळाल्यावर मी चार वेळा समुद्रापाशी गेलो. दोरा अजून होता. एका टोकाला मी बसलो होतो, दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं. एकदा तुझी बाहुली अचानक आली. मी उभा राहिलो. तिच्या डोक्यावर फुगा आला, 'कोन हाय रं तिथं, ही पोरगी कुठलं बटन दाबून गेली'. ती आई होती. मी मोबाईल हनुमानाला परत दिला.

परवा मी प्रवाशाला पुसून टाकलं. मला तो सहन होईना. हो म्हणताना तुला त्याचा चेहरा दिसला, हे मी कोपीत वाचलं, फडात वाचलं, तरी ते तसंच राहिलं. पुसायच्या आधी तो मोबाईल तीनदा विचारतो, नक्की का? मी तिन्ही वेळा हो म्हटलं. हनुमान कपाळाला हात लावून म्हणाला, "येड्या, तुझ्यातलं तेवढंच तर बरं होतं बे."

तो गेला की सुटलो, असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. मोळ्या बांधताना त्याची वाक्यं आठवत राहतात. ती माझीच आहेत, मीच एकेक अक्षर दाबून लिहिली. हनुमान तोडत पुढे गेला की मी ती तोंडाने म्हणून बघतो. 'तुला कशाची भीती वाटते' एवढं साधं वाक्य, पण माझ्या तोंडून ते पोलिसाने जबाब घेतल्यासारखं येतं. काल भामाबाईने ऐकलं. म्हणाली, "कुणाला दम देतोस रं?"

मोहनरावांनी मला दोन दिवस सोडलं आहे. या खेपेला रामहरीच्या गाडीत मीही येतो. म्हणजे खरं तर या पत्राची गरज नव्हती. पण दारात आल्यावर मला काहीच बोलता आलं नाही, तर मी हे तुझ्या हातात देईन. तुझं वाचून होईपर्यंत मी मध्ये बोलणार नाही.

उत्तरेश्वर